गळ्याखालचा माणूस

झारने चेहरा दिला चाळीस मिनिटं.
तेवढ्यात दोनदा घड्याळ पाहिलं, एकदा शिंकला,
आणि लुक्यान ग्रिगोर्येविचनी कोळशाच्या कांडीने
नाक, भुवया, दाढीतली पांढरी रेघ
उतरवून घेतली,
शेजारून उसना विस्तव आणावा तशी,
हात न भाजता.

बाकीचा झार पेटीतून आला.
हिरवा कोट, खांद्यावरचे सोनेरी झुबके,
छातीवर आडवा निळा पट्टा, चौदा बटणं.
राजवाड्याच्या नोकराने बटणं मोजून दिली,
सही घेतली,
आणि दाराशी खुर्ची टाकून बसला, नेवा गोठेपर्यंत.

पण कोट रिकामा उभा राहत नाही.
म्हणून तळघरातून सावेलीला वर बोलावलं.
भट्टीत लाकडं सारणारा सावेली,
बावीस वर्षं पलटणीत काढलेला.
उंची झारचीच. पोट नव्हतं,
पोटापुरती उशी बांधली.
उजव्या हाताची दोन बोटं तुर्कांकडे राहिलेली,
त्या जागी पांढऱ्या हातमोज्यात
मी लाकडाचा भुसा भरला.

मी तेव्हा तेरा वर्षांचा. रंग घोटायचो.

डिसेंबरात पीटर्सबर्गला उजेड मिळतो
पावाच्या शेवटच्या कापासारखा, पातळ,
दहाला येतो आणि दोनला कुणीतरी खाऊन टाकतं.
तेवढा वेळ सावेली उभा राहायचा.
दारांबाहेर, पुलांवर, दुसऱ्यांच्या मेजवान्यांत
तो आयुष्यभर उभाच तर होता.
फक्त डावा गुडघा.
थंडीत ठणकायचा, किंचित बाहेर सरकायचा.
"गुडघा!" मास्तर ओरडायचे.
गुडघा सरळ व्हायचा. थोड्या वेळाने
आपल्या जागी परत जायचा, गोठ्यातल्या गाईसारखा.
शेवटी मास्तरांनी दिसला तसा काढला.
त्यांना खोटं रंगवता येत नसे.
हा गुण नव्हता, अडचण होती;
तिच्यापायी दोन मोठी कामं हातची गेलेली.

एकदा नोकराला डुलकी लागली.
सावेली ओठ न हलवता म्हणाला,
"पोरा, पाठ खाजतेय."
मी ब्रशच्या दांड्याने
साम्राज्याची पाठ खाजवली.
"जरा खाली," साम्राज्य म्हणालं.

दरबारातले लोक आले, चष्मे लावून पाहून गेले.
काय ती ऐट, म्हणाले. उभं राहण्यातच कळतं
कोण राज्य करायला जन्मला ते.
मास्तर खोकले. मी फरशीकडे पाहिलं.
खाली भट्टीचं झाकण वाजलं.

चित्र कोस्त्रोमाच्या तिजोरी कचेरीत लागलं.
पुढे ऐकलं, की सावेली टायफसने गेल्यावर
त्याची बायको अग्राफेना
पेन्शनचा अर्ज घेऊन तिथे गेली होती.
मान वर केली, आणि अर्ज हातातच राहिला.
कारकुनांना वाटलं, बाई झारपुढे दिपली.
ती म्हणाली,
"यांचा पाय दुखतोय. बसवा की यांना कुणीतरी."
अर्जाचं काय झालं ते नाही ऐकलं.

मग ते वर्ष आलं,
ज्या वर्षी सगळ्याच भिंतींवरून झार उतरले.
पोरांनी सुरीने तेवढा चेहरा कापून नेला,
सफाईने, पुरीएवढा गोल.
बाकीचं कापड जाड होतं, मजबूत होतं,
तळघरात बटाट्यांवर पांघरूण झालं.

गेल्या शरदात मोजदादीसाठी मला बोलावलं,
जुने रंग ओळखणारा म्हातारा म्हणून.
बटाट्यांची माती झटकली. कंदील धरला.
चेहऱ्याच्या जागी भिंतीची वीट दिसत होती.
खाली सगळा तोच.
हातमोज्यात दोन बोटं वाकायला तयार नाहीत,
गुडघा बाहेर.

नोंदवही घेतलेली मुलगी शिकलेली होती, घाईत होती.
"तोंड नाही," तिने लिहिलं. "कुणाचं?"

सावेली, म्हणालो.
"पूर्ण नाव?"

पेन्सिल थांबली.
मी त्याची पाठ खाजवली होती.
त्याच्या हाताला बोटं लावली होती.
आडनाव विचारायचं राहून गेलं.